‘लॅब टेस्टेड’ म्हणजे नेमकं काय तपासलं?

काष्ठौषधींच्या डबीवर ‘लॅब टेस्टेड’ छापलेलं दिसलं की आपण निर्धास्त होतो. ती तपासणी बहुतेक वेळा शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम, कीटकनाशकांचे अंश, बुरशी आणि जिवाणू यांची असते. हे सगळं बाहेरून आलेलं. वनस्पतीच्या मुळात किंवा बीत जे विष मुळातच असतं, ते वेगळं शोधावं लागतं.

‘झाडपाल्यानं काय होतंय?’

1990 नंतर ब्रसेल्समधल्या वजन घटवण्याच्या एका दवाखान्यात चिनी वनौषधी असलेल्या गोळ्या दिल्या जात होत्या. त्या घेणाऱ्या, एरवी धडधाकट बायकांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. 1993 मध्ये डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ही प्रकरणं मांडली. ‘फांग जी’ या नावानं चीनमध्ये दोन वेगळी मुळं विकली जात. हवं होतं स्टेफानियाचं मूळ, आलं ॲरिस्टोलोकियाचं. त्यातलं ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडाचा घात करतं आणि मूत्रमार्गाचा कर्करोगही घडवतं. पुढं त्यातल्या अनेक रुग्णांना तोही झाला. आपल्याकडची ईश्वरी, म्हणजे सापसंद, याच ॲरिस्टोलोकिया वंशातली. सह्याद्रीतल्या बर्डविंग फुलपाखराच्या अळ्या तिच्या पानांवर वाढतात. अळीला पचतं ते माणसाला पचेलच असं नाही.

‘उकळलं की विष जातं.’

बचनागाच्या बाबतीत हे बरंचसं खरं. त्यातलं ॲकोनिटिन पाण्यात दीर्घकाळ उकळल्यानं तुटतं आणि त्याची तीव्रता खूप उतरते. आयुर्वेदात बचनाग पोटात देण्याआधी गोमूत्रात किंवा दुधात त्याचं शोधन, म्हणजे शुद्धीकरण, करतात. शोधन कच्चं राहिलं तर मात्र तोंडाला मुंग्या येतात, हृदयाचे ठोके बिघडतात आणि जीवही जाऊ शकतो. म्हणूनच शोधनानंतर किती ॲकोनिटिन उरलं हे मोजायला हवं. ॲरिस्टोलोकिक आम्ल तर उकळूनही टिकतं आणि सरळ काढ्यात उतरतं.

‘आमच्या घरात पिढ्यानपिढ्या घेतात.’

डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या खेड्यांत मूत्रपिंडाचा एक आजार 1950 च्या दशकापासून नोंदला जात होता. कारण सापडायला अर्धं शतक लागलं. गव्हाच्या शेतात उगवणाऱ्या ॲरिस्टोलोकियाचं बी दळणात जाऊन भाकरीत उतरत होतं. विष रोज थोडंथोडं पोटात जातं, दुखणं वर्षांनी उमटतं आणि दोघांचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही. पिढ्यांच्या अनुभवाला मी मान देतो, पण असं सावकाश होणारं नुकसान त्याला दिसत नाही.

‘एकच चाचणी सगळं सांगते.’

ॲरिस्टोलोकिक आम्ल शोधायला मुळाची पूड मेथॅनॉलमध्ये भिजवतात, गाळतात. तो अर्क सिलिकाचा थर दिलेल्या पट्टीच्या तळाशी बारीक रेघेसारखा लावतात, शेजारी शुद्ध ॲरिस्टोलोकिक आम्लाची रेघ. द्रावक पट्टीवर चढत जातो तसे घटक वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. मग अतिनील दिव्याखाली दोन्हींतले पट्टे जुळतात का ते बघतात. अगदी अल्प प्रमाण मोजायला द्रव क्रोमॅटोग्राफीला मास स्पेक्ट्रोमीटर जोडावा लागतो. पण शेजारी ॲकोनिटिनची रेघच नसेल, तर ही पट्टी बचनागाबद्दल काही सांगणार नाही.

तेव्हा शास्त्रीय नाव नसलेली सुटी मुळं आणि पूड घेऊ नका. भारतीय औषधनियमांच्या ई-1 यादीत बचनाग, कुचला, धोतरा, गुंज अशी द्रव्यं आहेत. ती असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणं बंधनकारक आहे. ती वाचा, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर चालू असलेला प्रत्येक काढा डॉक्टरांना सांगा.