जीवसृष्टीची वंशावळ (लेखांक ९): मान कोणती, शेपूट कोणती?

मागच्या आठवड्यात आपण प्लेसिओसॉरांची तोंडओळख करून घेतली. डायनोसॉरांच्या काळात समुद्रात राहणारे हे सरीसृप डायनोसॉर नव्हते, त्यांचा वंशच वेगळा. आज त्यांच्यातल्या सर्वांत लांब मानेच्या कुलाकडे वळू.

1867 साली अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये, फोर्ट वॉलेस या लष्करी ठाण्यावरचे डॉक्टर थिओफिलस टर्नर यांना एक प्रचंड सांगाडा सापडला. तो फिलाडेल्फियाला एडवर्ड ड्रिंकर कोप यांच्याकडे गेला आणि 1868 मध्ये कोपनी त्याचं नाव ठेवलं इलॅस्मोसॉरस प्लॅटियुरस. मात्र सांगाडा जुळवताना त्यांनी कवटी शेपटीच्या टोकाला बसवली.

इथपर्यंतची गोष्ट अनेकांना ठाऊक असते. वर्गीकरणाच्या दृष्टीने खरी महत्त्वाची आहे ती पुढची. पाठीच्या मणक्याला पुढे आणि मागे सांध्याचे छोटे उंचवटे असतात. पुढच्यांचा सपाट भाग वर वळलेला असतो, मागच्यांचा खाली; त्यामुळे एक मणका दुसऱ्यावर नीट टेकतो. कोपनी प्राणीच उलटा धरला होता, म्हणून त्यांना हे सांधेही उलटे दिसले. असे सांधे इतर कोणत्याच सरीसृपात नाहीत, असं म्हणत त्यांनी या प्राण्यासाठी स्ट्रेप्टोसॉरिया नावाचा नवा गणच उभा केला! 1870 मध्ये जोसेफ लायडी यांनी चूक दाखवून दिली. कोपनी छापलेल्या प्रती परत गोळा करायचा प्रयत्न केला. तो गण अर्थातच बाद झाला. कोपनीच मांडलेलं इलॅस्मोसॉरिडी हे कुल मात्र आजही टिकून आहे.

मानेने पुढेही अभ्यासकांना बराच काळ चकवलं. लांब मान आणि लहान डोकं असेल तर प्लेसिओसॉरॉइडिया, आखूड मान आणि मोठं डोकं असेल तर प्लायोसॉरॉइडिया, अशी विभागणी विसाव्या शतकात रूढ होती. दिसायला सोपी, पण ठेवणीवरून नातं ठरवणारी. 2001 मध्ये रॉबिन ओ'कीफ यांनी कवटीसह अनेक लक्षणं एकत्र तपासली, तेव्हा आखूड मानेचे पॉलिकॉटिलिड हे लांब मानेच्या शाखेतच जाऊन बसले. म्हणजे मान आखूड होण्याचा प्रकार या गणात एकाहून अधिक वेळा घडला होता. माझ्या मते प्लेसिओसॉरांच्या अभ्यासातला हा सर्वांत मोलाचा धडा आहे. इलॅस्मोसॉरसच्या मानेत 70 हून अधिक मणके होते खरे, पण केवळ मानेच्या लांबीवरून कुणालाही त्याचा भाऊबंद ठरवता येत नाही.

एके काळी लांब मानेचे कितीतरी अवशेष इलॅस्मोसॉरसच्या नावावर सरसकट जमा होत गेले. एकेक तपासून ते बाजूला काढावे लागले. आज या प्रजातीत एकच जाती ग्राह्य धरली जाते, प्लॅटियुरस, आणि तिचा आधार आहे टर्नर यांना सापडलेला तोच फिलाडेल्फियातला सांगाडा.

(पुढील आठवड्यात: माशासारखे दिसणारे इक्थिओसॉर)