आठ वेळा दुसरा!

मुलांनो, पहिला नंबर थोडक्यात हुकला की किती चुटपुट लागते, नाही? मग चेस इलियटचं काय झालं असेल?

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात डॉसनव्हिल नावाचं छोटंसं गाव आहे. तिथले बिल इलियट हे १९८८ चे 'स्टॉक कार' शर्यतींचे अजिंक्यवीर. दिसायला साध्या मोटारीसारख्या या गाड्या, पण मोठ्या ट्रॅकवर ताशी ३०० किलोमीटरनं धावतात! चेस हा बिल यांचा मुलगा. २०१४ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, त्यानं दुय्यम मालिका जिंकली. सगळे म्हणाले, वाघाचा बच्चा!

पण मुख्य मालिकेत यश हुलकावणी देऊ लागलं. तब्बल आठ वेळा दुसरा नंबर! गंमत म्हणजे, वडीलही पहिल्या विजयाआधी आठदा दुसरेच आले होते.

५ ऑगस्ट २०१८. वॉटकिन्स ग्लेनची शर्यत, चेसची ९९ वी. या वेळी तो जिंकला! आणि लगेच पेट्रोल संपलं. तेव्हा सहकारी जिमी जॉन्सननं आपल्या गाडीनं त्याची गाडी ढकलली. तिकडे गावात भोंगा वाजला. इलियट जिंकला की तो वाजतोच! २०२० मध्ये चेस मुख्य मालिकेचाही अजिंक्यवीर झाला.

चेसच्या गाडीवरचा ९ नंबर वडिलांचाच. पहिला नंबर मात्र त्याचा त्यालाच मिळवावा लागला, बरं का!