पोत्यांच्या वजनाचा नियंत्रण-आलेख

धान्याची पोती भरताना वजनात थोडाबहुत फरक पडणारच. तो नेहमीचा की काट्यातील बिघाडाचा, हे ओळखण्यासाठी अमेरिकेतील वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली नियंत्रण-आलेख सुचविला.

आलेखावरील बिंदू म्हणजे एका पोत्याचे वजन नव्हे. दर तासाला लागोपाठ भरलेली पाच पोती तोलावीत. समजा, निव्वळ वजने ५०.१, ४९.८, ५०.२, ४९.९ व ५०.० किलो भरली. बेरीज २५०, पाचाने भागता सरासरी ५०.० किलो. सर्वांत जड व सर्वांत हलक्या पोत्यांतील अंतर ०.४ किलो. हे दोन आकडे दोन स्वतंत्र आलेखांवर मांडावेत. केवळ सरासरी पाहिल्यास जड पोत्याआड हलके पोते लपते आणि ते घेणारा नाडला जातो.

असे पंचवीस गट झाल्यावर सर्व सरासरींची सरासरी काढावी. ती मधली रेषा होय. अंतरांच्या सरासरीस ०.५७७ ने गुणून येणारा आकडा तीत मिळवावा व तीतून वजा करावा. मधली रेषा ५०.० व सरासरी अंतर ०.४ असल्यास मर्यादा ५०.२३ व ४९.७७ येतात. अंतराच्या आलेखासाठी गुणक २.११४, वरची मर्यादा ०.८५, खालची शून्य. हे गुणक पाच पोत्यांच्या गटासाठीच आहेत.

बिंदू मर्यादेबाहेर गेल्यास भरणी थांबवून कारण शोधावे. बिंदू मर्यादेत असून विशिष्ट कल दाखवीत नसल्यास काट्यास उगाच हात लावू नये.