बेसिनचा दगड अखंड काढताना

ग्रॅनाइट किंवा संगमरवर दाबाला टणक असतो, पण वाकण्याचा ताण त्याला सोसत नाही. बाथरूमच्या कॅबिनेटवरचा दगड काढताना फुटतो तो बहुधा यामुळेच. एका कोपऱ्यात पटाशी घालून उचकटले की तेवढाच कोपरा वर येतो, बाकीचा दगड चिकटलेलाच राहतो आणि तडा जातो. बेसिनच्या भोकापुढे व मागे उरलेल्या अरुंद पट्ट्या तर सर्वांत नाजूक.

आधी अँगल कॉक बंद करून नळ, कनेक्शन पाइप आणि बॉटल ट्रॅप सोडवावेत. ट्रॅपखाली बादली हवी. भिंतीतल्या उघड्या वेस्ट पाइपमध्ये कापडाचा बोळा बसवावा, नाहीतर ड्रेनेजचा वास घरात येतो. बेसिन दगडाला खालून चिकटवलेले असेल तर त्याला टेकू देऊनच ते सुटे करावे.

मग कॅबिनेटच्या आत टॉर्च धरून दगड कशाने बसवला आहे ते नीट पाहावे. पुढचे सगळे यावर ठरते. नुसते सिलिकॉन असेल तर काम सोपे. भिंतीलगतचा सांधा धारदार ब्लेडने तळापर्यंत कापावा. दगड आणि प्लाय यांच्या फटीत पुट्टीची पातळ पट्टी हलक्या हाताने ठोकत चारी बाजूंनी थोडीथोडी सरकवावी, किंवा दोन टोकांना लाकडी मुठी बांधलेली बारीक पोलादी तार करवतीसारखी ओढावी. फट उघडली की लाकडाच्या पातळ पाचरी दोन्हीकडून सारख्या बसवाव्यात. हीट गन वापरू नये: सिलिकॉन उष्णतेला दाद देत नाही, उलट दगड एकाच जागी तापून तडकू शकतो.

दगड सिमेंटमध्ये बसवून त्याची कड टाइल्सखाली दाबलेली असेल, तर टाइल्सची एक ओळ फोडावीच लागते. प्लाय आणि दगड यांतले एकच वाचणार असेल तर प्लाय कापावा. तो नवा मिळतो, त्याच खाणीचा, त्याच छटेचा दगड मिळेलच असे नाही.

२० मिमी जाडीच्या ग्रॅनाइटचे वजन चौरस मीटरला सुमारे ५४ किलो भरते. म्हणजे तीन फूट बाय दोन फुटांचा दगड, भोक पाडण्यापूर्वी, ३० किलोंचा. दोघांनी तो सरळ वर उचलावा, लगेच लांब कडेवर उभा करावा आणि तसाच न्यावा. आडवा धरला तर तो स्वतःच्याच वजनाने भोकाजवळ मोडू शकतो. ठेवतानाही लाकडी पट्ट्यांवर उभाच, भिंतीला किंचित टेकवून ठेवावा.

उरलेले सिलिकॉन ब्लेडने खरवडून पूर्ण काढावे, कारण जुन्या सिलिकॉनवर नवे नीट धरत नाही. संगमरवराला ॲसिड, व्हिनेगर किंवा लिंबू लावू नये. त्यातले कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळते आणि पॉलिश कायमचे जाते.