दुखणे थांबले म्हणजे घोटा बरा झाला का?

१९ ऑक्टोबर २०२३ रोजी पुण्याजवळील गहुंजे येथे विश्वचषकाचा भारत-बांगलादेश सामना चालू होता. स्वतःच्याच गोलंदाजीवर आलेला फटका पायाने अडवताना हार्दिक पंड्याचा डावा घोटा दुखावला आणि पहिलेच षटक अर्धवट सोडून त्याला मैदानाबाहेर जावे लागले. उत्तम डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि अद्ययावत साधने दिमतीला असूनही तो त्या स्पर्धेत पुन्हा खेळू शकला नाही. ४ नोव्हेंबरला त्याच्या जागी प्रसिध कृष्णाची निवड जाहीर झाली. पुढील वर्षी, २९ जून २०२४ रोजी, टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे शेवटचे षटक मात्र पंड्यानेच टाकले आणि भारताने तो चषक जिंकला.

आता आपल्याकडे पाहू. कर्मचाऱ्यांच्या क्रीडास्पर्धेत, सोसायटीतल्या रविवारच्या क्रिकेटमध्ये किंवा बॅडमिंटनच्या कोर्टवर पाय मुरगळला, तर आपण काय करतो? रात्री आंबेहळदीचा लेप, सकाळी वेदनाशामक गोळी, दोन-तीन दिवस लंगडत कामावर जाणे, आणि सूज उतरताच पुढच्या रविवारी पुन्हा मैदानावर! काही महिन्यांनी तोच पाय पुन्हा मुरगळतो आणि "माझा हा पाय पहिल्यापासून कमजोरच आहे" अशी आपण समजूत करून घेतो. वस्तुतः पाय कमजोर नसतो. बहुतेक वेळा पहिल्या दुखापतीचा उपचार अर्धवट राहिलेला असतो. तो राहिलेला भाग कोणता, हे समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

पाय मुरगळतो म्हणजे नेमके काय होते?

मानवी शरीरातील २०६ हाडांपैकी ५२, म्हणजे सुमारे एक चतुर्थांश, दोन पावलांत असतात. नडगीचे हाड, त्याच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड आणि या दोहोंच्या खोबणीत बसणारे टॅलस नावाचे हाड मिळून घोट्याचा सांधा होतो. ही हाडे जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी ऐकू येणारा 'लिगामेंट' हा शब्द त्यांच्याचसाठी आहे. घोट्याच्या आतील बाजूचा अस्थिबंध रुंद व भक्कम असतो. बाहेरील बाजूस मात्र तुलनेने बारीक असे तीन पट्टे असतात. खो-खोमध्ये खांबाला वळसा घालताना, कबड्डीत घोटापकडीतून सुटताना किंवा उडी मारून दुसऱ्याच्या पावलावर उतरताना तळवा आत वळतो आणि सारा भार या बाहेरच्या पट्ट्यांवर येतो. त्यांतील पुढचा पट्टा बहुधा प्रथम दुखावतो.

या दुखापतीच्या तीन पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीत पट्टा केवळ ताणला जातो, दुसरीत अंशतः फाटतो आणि तिसरीत पूर्ण तुटतो. पहिली एक ते तीन आठवड्यांत बरी होते. तिसरीला तीन महिने किंवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो.

परंतु अस्थिबंध म्हणजे केवळ हाडे बांधणारी दोरी नव्हे. पाऊल कोणत्या कोनात आहे, जमीन सपाट आहे की तिरपी, याची वार्ता मेंदूला कळवणारी चेतातंतूंची टोके त्याच्यातच असतात. या वार्तेमुळेच खड्ड्यात पाय पडताच, आपल्या लक्षात येण्यापूर्वी, पोटरीचे स्नायू घोटा सावरतात. अस्थिबंध फाटला की ही यंत्रणाही बिघडते. गोळीने वेदना शमते, विश्रांतीने सूज उतरते. पण सावरण्याची ही क्षमता पुष्कळदा आपोआप पूर्ववत होत नाही. ती सरावानेच परत मिळवावी लागते. असा सराव झाला नाही, तर घोटा वारंवार मुरगळू लागतो आणि पुढे अनेक वर्षांनी त्याच सांध्यात झीज होण्याचा धोका वाढतो.

पहिले दोन-तीन दिवस

खेळ तत्काळ थांबवावा. घोट्याला बोटांकडून वरच्या दिशेने क्रेप बँडेज बांधावे. बोटे बधिर किंवा निळसर झाल्यास ते सैल करावे. झोपताना पाय उशीवर, छातीच्या पातळीहून उंच ठेवावा. वेदना कमी करण्यासाठी कापडात गुंडाळलेला बर्फ एका वेळी दहा ते पंधरा मिनिटे लावता येतो. उघड्या त्वचेवर बर्फ धरू नये. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बर्फ वापरू नये.

विश्रांती, बर्फ, दाब व उंची ही चतुःसूत्री अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये मांडली. दीर्घकाळ बर्फ व संपूर्ण विश्रांती यांमुळे भरून येण्याची नैसर्गिक क्रिया लांबू शकते, असे पुढे त्यांनी स्वतःच नमूद केले. म्हणून आज पूर्ण विश्रांती एक-दोन दिवसांपुरतीच ठेवून, वेदनेच्या मर्यादेत लवकर हालचाल सुरू करण्याकडे तज्ज्ञांचा कल आहे.

काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. या दिवसांत शेक, गरम लेप, मद्यपान आणि मालिश टाळावे. जोराने चोळून किंवा पाऊल ओढून 'शीर बसवण्याचा' प्रयोग तर कदापि करून घेऊ नये. हाड मोडले असल्यास त्याने हानी वाढते.

एक्स-रे केव्हा काढावा?

प्रत्येक मुरगळ्याला एक्स-रेची गरज नसते. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेले नियम आज जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी उंचवट्याची हाडे असतात, त्यांच्या मागील कडेवर किंवा टोकावर दाबल्यास दुखत असेल. पावलाच्या बाहेरील कडेच्या मध्यावरील हाडाच्या टोकाशी किंवा आतील बाजूस कमानीच्या वरच्या हाडावर दाबल्यास दुखत असेल. अथवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे आवश्यक समजावा. पाऊल वेडेवाकडे दिसणे, ते थंड वा बधिर पडणे ही लक्षणे असल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

मुरगळ्यासारख्या भासणाऱ्या अन्य दुखापती

वर्षभर खुर्चीत बसून एखाद्या रविवारी एकदम धावणाऱ्या तिशी-चाळिशीतील व्यक्तींनी टाचेमागील जाड कंडरेची, म्हणजे अकिलिस टेंडनची, विशेष काळजी घ्यावी. ती तुटते तेव्हा मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखे वाटते; वळून पाहावे तर मागे कोणीच नसते! कित्येकदा त्यानंतरही लंगडत चालता येते, म्हणून दुखापत किरकोळ समजली जाते आणि मौल्यवान दिवस वाया जातात. चवड्यावर उभे राहता येत नसेल, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांना भेटावे.

दुसरी दुखापत हळूहळू होते. सततच्या आघातांनी हाडाला सूक्ष्म तडा जातो. सुरुवातीला धावताना दुखते, मग चालताना आणि पुढे बसल्या जागीही. असा तडा प्रारंभी एक्स-रेमध्ये दिसत नाही, त्यामुळे 'एक्स-रे चांगला आला' एवढ्यावर समाधान मानू नये. ऑगस्ट २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेल्या पी. व्ही. सिंधूला डाव्या पायातील अशाच दुखापतीमुळे त्याच महिन्यातील जागतिक स्पर्धा सोडावी लागली. ती पुन्हा कोर्टवर उतरली ती जानेवारी २०२३ मध्ये.

खरा उपचार येथून पुढे

डॉक्टरांनी हाड शाबूत असल्याचे सांगितले आणि सूज ओसरू लागली, की व्यायामाला प्रारंभ करावा. प्रथम खुर्चीत बसून पायाच्या अंगठ्याने हवेत 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत अक्षरे गिरवावीत. यात घोटा सर्व दिशांनी फिरतो. नंतर भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलाव्यात, आधी दोन्ही पायांवर व पुढे एका पायावर. त्यानंतर येतो सर्वांत दुर्लक्षित व्यायाम, तो म्हणजे एका पायावर तोल सांभाळणे. सुरुवातीस तीस सेकंद डोळे उघडे ठेवून, मग डोळे मिटून, शेवटी जाड उशीवर उभे राहून. दात घासतानासुद्धा हा सराव होऊ शकतो. ज्येष्ठांनी मात्र आधार जवळ ठेवावा.

या साध्या व्यायामाचे मोल किती? घोटा मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंचा नेदरलँड्समधील अभ्यास २००९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांनंतर ज्यांनी आठ आठवडे घरच्या घरी तोलाचा सराव केला, त्यांच्यापैकी २२ टक्के खेळाडूंचा पाय वर्षभरात पुन्हा मुरगळला. ज्यांनी तो केला नाही, त्यांच्यात हे प्रमाण ३३ टक्के होते. ना औषध, ना यंत्र, ना खर्च, तरीही एवढा फरक!

मैदानावर परत केव्हा?

खात्यातील शिल्लक न पाहता धनादेश लिहिणे जसे इष्ट नव्हे, तसेच घोट्याची ताकद न तपासता मैदानावर उतरणेही इष्ट नव्हे. दुखऱ्या पायावर चांगल्या पायाइतकाच वेळ तोल राहतो का? त्या एकाच पायावर टाचा तितक्याच वेळा उचलता येतात का? वेदनेशिवाय उड्या मारता येतात का? वेगात धावताना एकदम दिशा बदलता येते का? या चारही प्रश्नांचे उत्तर 'होय' असेल तरच खेळावे. एकदा मुरगळलेल्या घोट्याला पुढील काही महिने खेळताना आधारपट्टा वापरणे हितावह असते.

ज्यांचा पाय अद्याप मुरगळलेला नाही, त्यांनीही खेळापूर्वी दहा-पंधरा मिनिटे अंग तापवावे. धावण्याचे अंतर आठवड्यागणिक थोडे-थोडेच वाढवावे. त्या-त्या खेळासाठी बनवलेले बूट वापरावेत व तळ झिजताच ते बदलावेत. मैदानावरील खड्डे आणि सैल दगड खेळ सुरू होण्यापूर्वीच पाहून घ्यावेत. स्पर्धांच्या आयोजकांनी पटांगण तपासणीचा हा नियमच करावा.

वाचकहो, खेळ अवश्य खेळा. दुखापतीच्या भीतीने घरी बसणे हा काही उपाय नव्हे. मात्र कधी पाय मुरगळलाच, तर दुखणे थांबण्याच्या दिवशी उपचार संपला असे समजू नका. तोलाच्या सरावाचे पुढील आठ आठवडे त्याच उपचाराचा भाग आहेत.