चित्र स्पष्ट आहे; पण खरे आहे का?

छातीभोवती पट्ट्याने सोळा विद्युतअग्रे बसवली आहेत असे समजू. लगतच्या दोन अग्रांमधून अतिशय क्षीण प्रत्यावर्ती धारा आत सोडायची, बाकीच्या लगतच्या जोड्यांमधील विभवांतरे मोजायची, मग धारेसाठी पुढची जोडी घ्यायची. हवेने भरलेले फुप्फुस विजेचे मंदवाहक, रक्त त्या मानाने चांगले वाहक. एवढ्या वाचनांवरून संगणकाने आतले चित्र रचायचे, ही विद्युत टोमोग्राफी. कृत्रिम श्वासयंत्रावरील रुग्णाच्या फुप्फुसात हवा कोठे पोचते, हे तिच्यामुळे क्ष-किरणांशिवाय, खाटेपाशीच दिसते.

आता थोडा हिशेब करू. सोळा जोड्या, प्रत्येकीसाठी तेरा वाचने, म्हणजे २०८. धारेची आणि मापनाची जोडी यांची अदलाबदल केली तरी वाचन तेच येते. तेव्हा स्वतंत्र वाचने १०४ च. चित्रात मात्र ३२ × ३२, म्हणजे १०२४ चौकोन! दोन अज्ञातांसाठी एकच समीकरण दिले, तर आपले विद्यार्थीही हरकत घेतील.

ही उणीव संगणक 'शेजारचे चौकोन साधारण सारखे असावेत' अशा गृहीतकाने भरून काढतो. गृहीतक सैल धरले तर वाचनातील बारीक चुकीनेही चित्र ठिपक्यांनी भरते. घट्ट धरले तर ते गुळगुळीत, पण पसरट होते. शिवाय वेगवेगळी चित्रे त्याच वाचनांशी जुळू शकतात. म्हणून 'वाचनांशी जुळते' एवढी साक्ष पुरत नाही.

मग उत्तर आधीच ठाऊक असलेले कोडे घालायचे. गोल टाकीत मिठाचे पाणी भरून त्यात प्लॅस्टिकची कांडी उभी करायची आणि ती मध्यापासून कडेकडे सरकवत चित्रे काढायची. (हे काम नुसत्या संगणकावर करताना एक मोह होतो: ज्या गणिती जाळीने खोटी वाचने तयार केली, तिच्यानेच चित्र काढायचे. स्वतः काढलेली प्रश्नपत्रिका स्वतःच सोडवण्यासारखे हे आहे. आम्हा मंडळींत याला चक्क 'गुन्हा' म्हणतात.)

चित्रात काय तपासायचे, याचे निकष अँडी अॅडलर आणि अनेक देशांतील संशोधकांनी २००९ साली एकमताने मांडले. डाग योग्य जागी आहे का, किती पसरला, त्याचा आकार बिघडला का, त्याभोवती उलट्या रंगाचे खोटे कडे उमटले का, हे तर त्यात आहेच. पण अग्रक्रम वाचून नवल वाटते: रेखीवपणा शेवटी, आणि पहिली अट अशी की तीच कांडी कोठेही ठेवली तरी डाग सारखाच गडद दिसावा. अग्रांजवळ मापने अधिक संवेदनशील असतात, मध्यभागी कमी. ही तफावत चित्रात राहिली, तर हवा पुरेशी असूनही एखादा भाग बंद वाटेल. डॉक्टर यंत्राचा दाब वाढवतील, आणि जास्त दाबाने फुप्फुसाला इजा होते.

अर्थात टाकी गोल असते, छाती नसते. श्वासागणिक तिचा आकारही बदलतो. म्हणून सहसा एकाच क्षणाचे चित्र न काढता श्वासापूर्वीच्या आणि नंतरच्या वाचनांतील फरकाचे चित्र काढतात. कायम राहणाऱ्या चुका त्यात बऱ्याच अंशी वजा होतात.