डेम्लो संख्यांचे मूळ आणि १०३१ एकांची मूळ संख्या

१११ चा वर्ग १२३२१, ११११ चा १२३४३२१, आणि नऊ एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी या कुळाला ‘डेम्लो’ हे नाव दिले, ते तेव्हाच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, रेल्वे स्थानकावरून. वर्ग असल्यामुळे यांतली एकही संख्या मूळ असू शकत नाही. खरा प्रश्न वर्गमुळाचा आहे: नुसत्या एकांनी बनलेली संख्या, म्हणजे रेप्युनिट, मूळ कधी असते?

एकांची संख्या संयुक्त असली की रेप्युनिटही संयुक्त. १११११११११ ला १११ ने निःशेष भाग जातो. मात्र एकांची संख्या मूळ असणे पुरेसे नाही. १११११ म्हणजे ४१ × २७१, आणि सात एकांची संख्या २३९ × ४६४९. इथे एक सुंदर बंधन दिसते. एकांची संख्या प ही ५ किंवा त्याहून मोठी मूळ संख्या असेल, तर रेप्युनिटच्या प्रत्येक मूळ अवयवाला २प ने भागल्यास बाकी १ उरते. ४१ आणि २७१ यांना १० ने, २३९ आणि ४६४९ यांना १४ ने भागून पाहावे.

हेच अवयव आवर्ती दशांशांत भेटतात, आणि तो विषय कापरेकरांच्या खास जिव्हाळ्याचा. १/४१ = ०.०२४३९०२४३९…, आवर्तन पाच अंकांचे, कारण ४१ ने ९९९९९ ला भाग जातो. एकोणीस एकांची संख्या मूळ आहे, म्हणून एकोणीस अंकांचे आवर्तन देणारी मूळ संख्या तीच एकटी.

२, १९ आणि २३ एकांनंतर मूळ रेप्युनिट थेट ३१७ अंकांवर सापडते, मग १०३१ वर. ही शेवटची संख्या मूळ असल्याचे ह्यू विल्यम्स आणि हार्वे डब्नर यांनी १९८६ मध्ये सिद्ध केले. कापरेकरांचे निधनही त्याच वर्षीचे. सिद्धतेची किल्ली अंकांच्या ठेवणीतच आहे. संख्येतून १ वजा केला की १०३० एकांच्या संख्येची दहापट उरते. १०३० = २ × ५ × १०३ असल्यामुळे तिचे कितीतरी अवयव आपोआप मिळतात, आणि ते पुरेसे हाती आले की १०३१ एकांच्या संख्येचे मूळत्व सिद्ध करता येते. अंकांच्या आकृत्यांना निव्वळ करमणूक समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. कापरेकरांच्या आवडीचे मोल इथे कळते.

पुढची मूळ रेप्युनिट ४९०८१ अंकी. तिची सिद्धता २०२२ मध्ये, लंबवर्तुळी वक्रांच्या पद्धतीने, मिळाली. ८६४५३ अंकी संख्येची २०२३ मध्ये. ८१७७२०७ एकांची संख्या संभाव्य मूळ म्हणून नोंदली गेली आहे. चाचण्यांत ती उतरली, सिद्धता मात्र बाकी आहे. मूळ रेप्युनिट अनंत असाव्यात असा तर्क आहे, पण तोही सिद्ध झालेला नाही.